जुनं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घेताना : आधी कागद, मग घोडा

गडहिंग्लजच्या एका परवानाधारकाने विचारलं आहे : 'कोल्हापूरच्या राजारामपुरीत ओळखीच्या घरातले आजोबा गेले. त्यांचं रुगर कंपनीचं .२२ बोअरचं सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर मुलगा विकतोय. सोबत मॅग्नम (जास्त ताकदीच्या) काडतुसांचं दुसरं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, आणि चामडी म्यान आहे. हत्यार दिसायला चकचकीत आहे, फक्त चाप थोडा विचित्र लागतो. माझ्या परवान्यावर रिव्हॉल्व्हरची जागा रिकामी आहे. घ्यावं का? आणि घेताना काय बघावं?'

कागद स्वच्छ असतील आणि हत्याराला एकाही दुरुस्तीची गरज नसेल, तर घ्या. 'एवढं एक काम करून घेतलं की झालं' असं मनात आलं, तर तिथेच थांबा. चाप विचित्र लागतो हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

दुरुस्तीबद्दल मी इतका कडक का, ते आधी सांगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. त्याआधी जी आली तीच हातोहात फिरत आहेत. हत्यारं येणं थांबलं तसे त्यांचे सुटे भागही थांबले. कानपूरला बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर वेगळ्या घडणीचं आहे, त्याचा एकही भाग याला चालत नाही. म्हणजे तुमच्या हातातलं हत्यार जसं आहे तसंच पुढची वीस-तीस वर्षं चालायला हवं.

कोल्हापुरात ही गोष्ट गळी उतरवणं फार अवघड जातं. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? ऑइल इंजिनचा कुठलाही भाग दाखवा, संध्याकाळपर्यंत तयार. त्यामुळे लोक बिनधास्त म्हणतात, 'एक छोटी पिन तर करायची आहे, आपला माणूस करून देईल.' तो करूनही देईल, आणि कदाचित मूळ पिनेपेक्षा चांगली करेल. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं, त्याची चाचणी घेणं या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. शिवाय कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागसुद्धा 'अग्निशस्त्र'च आहेत. तुमच्या चार पैशांच्या कामासाठी त्या लेथवाल्यावर आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. हातावर पोट असलेल्या कारागिराला यात ओढू नका. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि भाग मिळाला नाही तर त्यांचेही हात बांधलेले असतात.

आता कागद. पहिला प्रश्न हत्यार कसं आहे हा नव्हे, ते या घडीला कुठे आहे हा विचारा. परवाना आजोबांच्या नावावर होता. ते गेले, परवाना संपला. मुलाकडे स्वतःचा परवाना नसेल तर ते हत्यार घरातल्या कपाटात ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा व्हायला हवं. जमा केल्यावर कायदेशीर वारसाचा हक्क बुडत नाही. ठरलेल्या मुदतीत तो ते परवानाधारकाला विकू शकतो आणि पैसे त्यालाच मिळतात. मुदत उलटली तर मात्र जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात. पुष्कळ घरांत दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि नंतर भीतीपोटी कुणी बोलत नाही. तुम्ही ओळखीचे आहात, तर मुलाला हे नीट समजावून सांगा. हत्यार अजून घरात असेल तर त्याला हात लावू नका, बघायलाही नको. आधी रीतसर जमा होऊ दे, जमा केल्याची पावती बघा, मग पुढचं बोलणं.

हत्यार जिवंत मालकाकडून थेट घ्यायचं असतं तर वाट वेगळी होती. तेव्हा विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, अशी कलम ५ मधली अट आहे. हे इथे सांगतो कारण अनेकांना वाटतं की दोघांकडे परवाने असले म्हणजे हातात हात देऊन व्यवहार झाला. तसा होत नाही.

एक गोष्ट स्वतःची तपासा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. शेतावरची वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही या दोनांत धरली जाते. ही दुरुस्ती झाल्यावर अनेक घरांतलं तिसरं हत्यार विक्रीला निघालं, आणि त्यात उत्तम मालही होता. राजारामपुरीतल्या त्या घरी आजोबांचं आणखी काही असेल तर त्याचीही चौकशी झालेली बरी.

मग नंबर. सांगाड्यावरचा नंबर, आजोबांच्या परवान्यातली नोंद आणि जमा पावतीवरचा नंबर, तिन्ही एक एक अंक लावून बघा. तोंडी कुणी वाचून दाखवतोय आणि तुम्ही मान डोलावताय, असं करू नका. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत जुन्या हस्तलिखित नोंदींत होते, आणि ती निस्तरायला कलेक्टर कचेरीत महिने जातात. ती विकणाऱ्याच्या नावावर असतानाच निस्तरून घ्यायची. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पॉलिशमध्ये पुसट झालेला दिसला तर विषय संपला. ओळखखूण नसलेलं अग्निशस्त्र विकणं-घेणं कलम ८ ने बंद आहे.

दुसऱ्या सिलिंडरचं काय? लोक त्याला डब्यातली जास्तीची वस्तू समजतात. मघाशी म्हटलं तसा सुटा भागही कायद्याने शस्त्रच. म्हणून त्याची नोंद कागदावर हवी. रुगरच्या जोड-सिलिंडरवर बहुधा हत्याराच्या नंबराचे शेवटचे तीन अंक कोरलेले असतात, ते जुळतात का बघा. जुळले नाहीत तर ते दुसऱ्याच कुठल्या हत्याराचं सिलिंडर आहे, आणि तेव्हा त्याची नळीशी रेषा बरोबर येईल याची खात्री नाही.

कागद झाले की हत्यार. इथे 'घोडा' म्हणजे मागचा, अंगठ्याने ओढायचा, आणि 'चाप' म्हणजे बोटाखालचा, असं धरून चालतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळी झाडण्याआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. चाप फक्त घोडा सोडतो, बाकी काही करत नाही. कोल्टने १८७३ साली जे रिव्हॉल्व्हर काढलं त्याचीच ही रचना. त्यातल्या पट्टीच्या स्प्रिंगा तुटायच्या. रुगरने १९५३ साली सिंगल-सिक्स आणलं तेव्हा बाहेरचं रूप तेच ठेवलं, पण आत तारेच्या गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा घातल्या. त्या सहसा तुटत नाहीत. भाग न मिळणाऱ्या आपल्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे. दोन्ही समोर असतील आणि वापरायला हवं असेल, तर मी कोल्ट सोडून रुगर घ्या म्हणेन.

पण रुगरमध्येही दोन पिढ्या आहेत. उजव्या किंवा डाव्या बाजूने सांगाड्याकडे बघा. चापाच्या वरच्या भागात तीन स्क्रू दिसले तर ते १९७३ च्या आधीचं. स्क्रूच्या जागी दोन पिना दिसल्या तर नवं. नव्यात घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसावर मार देणारी पिन) यांच्या मध्ये एक पट्टी असते. चाप दाबलेला असेल तेव्हाच ती वर येते आणि घोड्याचा मार पिनेला पोचवते. जुन्यात ती नाही. खाली टेकलेल्या घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल आणि हत्यार फरशीवर घोड्यावर पडलं, तर बार उडू शकतो. कंपनी जुन्या हत्यारांत ही सुधारणा मोफत करून देते, पण त्यासाठी ते अमेरिकेला पाठवावं लागतं, आणि आपल्या कायद्यात एकट्या माणसाला ते जमण्यासारखं नाही. म्हणून तीन स्क्रूचं हत्यार आयुष्यभर जुन्या पद्धतीनेच वापरायचं. सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरं, त्यांत पाच काडतुसं, घोडा रिकाम्या घरावर. भरायची रीत अशी : घोडा अर्ध्यावर, सिलिंडरमागची काडतूस भरायची झडप उघडा, एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, झडप लावा, घोडा पूर्ण मागे घ्या आणि मग अंगठ्याने धरून हळू खाली सोडा. तो रिकाम्या घरावर येतो. हे पाठ होईपर्यंत रिकाम्या टरफलांवर करा. घरात लहान मुलं असोत नसोत, यात सूट नाही.

पिढी ओळखायचा दुसरा मार्ग : घोडा खाली असताना झडप उघडली आणि सिलिंडर मोकळं फिरलं तर ते नवं. जुन्यात घोडा अर्ध्यावर आणल्याशिवाय सिलिंडर फिरत नाही.

आता तुमच्या त्या विचित्र चापाकडे. तपासणी विक्रेत्याच्या दुकानात किंवा हत्यार जिथे जमा आहे तिथे, संबंधितांच्या परवानगीने आणि समोर करायची. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर. झडप उघडून सहाही घरं एक एक फिरवून डोळ्यांनी रिकामी बघा. समोरच्याने 'रिकामं आहे' म्हटलं तरी बघा. मग घोडा पूर्ण मागे घ्या, चापाला न शिवता अंगठ्याने मागून पुढे नेटाने ढकला. घोडा जागचा हलता कामा नये. घसरून खाली आला तर कुणीतरी चाप हलका करण्यासाठी आतली धार घासली आहे, किंवा टोक तुटलं आहे. त्यानंतर, तीन स्क्रूचं हत्यार असेल तर, घोडा अर्ध्यावर आणा आणि चाप जरा दाबा. तिथूनही तो सुटला नाही पाहिजे. चाप कचकचतो, मध्येच अडतो किंवा अगदी फुंकर मारल्यासारखा सुटतो, यांपैकी काहीही असेल तर ते हत्यार घेऊ नका. विकणारा म्हणेल, आजोबांना हलका चाप आवडायचा. खरंही असेल. पण ती घासलेली धार परत येत नाही आणि नवा भाग मिळत नाही. फक्त कोरडेपणाने किंवा घट्ट झालेल्या जुन्या तेलाने चाप जड लागत असेल, तर ते वेगळं. तो जडपणा एकसारखा असतो, अडखळत नाही, आणि साफसफाईने जातो.

सिंगल अ‍ॅक्शनचं खरं आयुष्य मात्र सिलिंडरच्या टायमिंगमध्ये कळतं. डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका ब्रेक द्या आणि घोडा सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत, फार तर त्याच क्षणी, सिलिंडर 'खट्' करून आपल्या खाचेत बसलं पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून जरासं मागे राहिलं, तर काडतूस नळीच्या नेमक्या समोर नाही. गोळी नळीच्या तोंडाला घासून जाते आणि शिशाच्या किरच्या बाजूला उडतात. हे सहाही घरांवर करा. पाच घरं बरोबर आणि एक चुकीचं, असंही सापडतं. पुढे घोडा झटकन ओढून बघा. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेलं तर खाचेच्या कडा ठोकरल्या गेल्या आहेत. भिंगातून खाचांकडे बघा, चेपलेल्या कडा लगेच दिसतात. सिनेमातल्यासारखं झटपट चालवणाऱ्यांच्या हातून हे होतं.

सिलिंडरभोवती एक गोल रेघ असते, तिला घाबरू नका. जुन्या पद्धतीच्या हत्यारात अर्ध्यावरून घोडा थेट खाली सोडला की ती उमटते. आधी पूर्ण मागे घेऊन मग सोडलं की उमटत नाही. ती मालकाची सवय सांगते, हत्यार खराब असल्याचं सांगत नाही.

मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच. कुठल्याही मोटारसायकल मेकॅनिककडे असतो, स्वतःचा घ्या, फार महाग नाही. सिलिंडर मागे दाबून धरा आणि नळी व सिलिंडर यांच्यामधली फट मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटरमध्ये असेल तर छान. ०.२५ च्या वर गेली तर वायू जास्त गळतो आणि हत्यार भरपूर चाललेलं आहे असं समजा. ०.१० च्या खाली असेल तर काजळी साचली की सिलिंडर अडकू शकतं. सिलिंडर पुढे-मागे हलवा. जेमतेम जाणवेल इतकी हालचाल ठीक, स्पष्ट 'टक-टक' वाजत असेल तर नको.

सिलिंडरची पिन ओढून सिलिंडर उजवीकडून बाहेर काढा. .२२ हे कडेवर मार बसणारं काडतूस आहे, त्यामुळे हत्यार रिकामं चालवत राहिलं तर फायरिंग पिन घराच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पडू शकतो. असा खड्डा असलेल्या घरात काडतूस नीट बसत नाही, टरफल अडकतं. सहाही घरांच्या कडा उजेडात बघा. घरांच्या आत काजळीचं एक कडं दिसेल, ते साफ होतं. गंजाचे खड्डे साफ होत नाहीत.

सिलिंडर काढलेलं असतानाच त्याच्या रिकाम्या जागेतून नळीच्या मागच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून बघा. खाचांच्या रेषा कडक दिसायला हव्यात. मध्येच एक गडद वर्तुळ दिसलं, तर कधीतरी नळीत गोळी अडकलेली असताना पुढचा बार झाला आहे आणि नळी आतून फुगली आहे. बोट बाहेरून फिरवलं तर कधी कधी फुगवटा हाताला लागतो. असं हत्यार फुकट मिळालं तरी घेऊ नका.

चकचकीत आहे असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत, मला मात्र तिथेच शंका येते. साठ-सत्तरच्या दशकातलं, वापरलेलं हत्यार कडांवर थोडं उजळलेलं असतं. मुठीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तळहात लागतो तिथला काळा रंग जाऊन पांढरा धातू दिसतो. ही प्रामाणिक झीज आहे. उलट सगळं एकसारखं काळंभोर, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, असं दिसलं तर बफिंग करून पुन्हा ब्ल्यूइंग (पोलादाला काळा-निळा रंग चढवणं) केलेलं आहे. का केलं? आपल्याकडे बहुतेक वेळा गंज झाकायला. स्क्रूंच्या खाचा बघा. त्या फाटलेल्या असतील तर घरच्या स्क्रूड्रायव्हरने कुणीतरी आत शिरलं होतं, आणि मग चापाचं विचित्रपण कुठून आलं याचा अंदाज येतो.

लाकडी मूठ काढून आतला भाग बघायला मिळाला तर जरूर बघा. आपला पावसाळा हत्यारांचा वैरी आहे. गगनबावडा, राधानगरीकडच्या घरांत तर जुलैमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात. वरून तेल लावलेलं असतं, मुठीखाली कोणी बघत नाही. त्यात निवडणुकांची आचारसंहिता लागली की हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि तेल न लागता पडून राहतात. हे हत्यार जमा असेल तर किती दिवसांपासून आहे ते विचारा, आणि ताबा घेताना गंजाची अवस्था लिहून घ्या.

दुसऱ्या सिलिंडरवरही टायमिंग आणि फट या दोन्ही तपासण्या वेगळ्या करायच्या. एकावर बरोबर आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असं नाही. आणि .२२ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये साधं .२२ लाँग रायफल काडतूस कधीही घालू नका. ते आत जातं, पण घर रुंद असल्याने टरफल फाटतं. दोन्ही सिलिंडरं वेगळ्या रंगाच्या कापडात गुंडाळून ठेवा.

सगळं पास झालं तर शेवटची चाचणी रेंजवर, तीही परवानगी, परवानाधारक आणि काडतुसांचा हिशेब सांभाळून. सहाही घरांतून कागदावर बार टाकून बघा. एकाच घरातल्या गोळ्या सतत बाजूला जात असतील तर त्या घराची रेषा चुकली आहे. तुमचा हेतू स्पर्धेचा असेल तर मात्र हे हत्यार तुमचं नाही. आपल्या कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, आणि तेव्हापासून आपल्या भागात मुलामुलींचा ओढा त्या प्रकाराकडे आहे. तिथे रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमाच्या, टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर असतं. प्रत्येक गोळीसाठी घोडा ओढण्यात पकड मोडते. सावकाश, कागदावर नेम शिकायचा, चापाची शिस्त अंगी बाणवायची, तर सिंगल-सिक्ससारखा गुरू नाही.

किमतीबद्दल आकडा सांगत नाही, कारण परदेशी हत्याराची किंमत आपल्याकडे टंचाईवर ठरते, अवस्थेवर नाही. खराब मालही चांगल्याच्या भावात मागितला जातो. मूळ ब्ल्यूइंग, जुळणारं दुसरं सिलिंडर आणि न उघडलेले स्क्रू यांना जादा पैसे द्या. पुन्हा काळं केलेलं असेल तर कमी करा. म्यानाला काहीही देऊ नका. जुनं चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलाद खातात. ते म्यान कंबरेला लावायला ठीक, पण हत्यार त्यात ठेवून कपाट बंद केलंत तर एका पावसाळ्यात डाग पडतील. कोरड्या सुती कापडात, हलक्या तेलाचा हात फिरवून, कुलूपबंद पेटीत ठेवा, आणि श्रावण संपेपर्यंत दर आठवड्याला एकदा काढून पुसा.